बायसाठी मोठी चाकं

२६ ऑक्टोबर, रविवार. डिचोली

ट्रक होते तेव्हा प्रत्येक ट्रकची एक वही असे. ऑइल कधी बदललं, कुठला टायर कुठे लावला, कोणी कुठे ठोकला, सगळं तीत. खाणी बंद पडल्या, ट्रक गेले, कोऱ्या वह्या तेवढ्या कपाटात राहिल्या. नव्या गाडीलाही वही हवी म्हणून ही काढली आहे. गाडी विलायती, डोंगर चढणारी, आत बसलं की बँकेच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये बसल्यासारखं वाटतं. विमानतळ आला आणि पेडण्याचा आमचा डोंगर विकला गेला, तेव्हाच ठरवलं होतं. जन्मभर दगड वाहणाऱ्या गाड्या पाळल्या, आता एक स्वतः बसायला घ्यायची.

वहीतली पहिलीच नोंद वाईट आहे. गुरुवारी भाऊबीजेला वाळपईला गेलो. बाय, म्हणजे माझी थोरली बहीण लक्ष्मी, हिला नव्या गाडीतून फिरवायचं कबूल केलं होतं. ती बसणार म्हणून सकाळी उठून चारही टायरांत स्वतःच्या हाताने हवा भरली. शेडमधला ट्रकांच्या वेळचा कॉम्प्रेसर अजून ठणठणीत आहे. नेहमी पन्नास पौंड ठेवतो, त्या दिवशी पंचावन्न केली. घरचं माणूस बसायचं तर टायर कडक असलेला बरा.

जाताना बाय खूश होती. परतताना एका स्पीडब्रेकरवर गाडी अशी आपटली की तिच्या तोंडून ‘आये’ एवढंच आलं. मी विचारलं, ‘कितें जालां गे?’ तर म्हणाली, ‘कांय नाय, चल तू.’ घरी पोचल्यावर तिला पाय खाली टाकता येईना. तिच्या मुलाने, योगेशने, उचलून आत नेलं. नंतर डॉक्टर, फोटो. मणक्याला चीर गेली आहे. खाटेवर पडून राहायचं, उठलीच तर कमरेला पट्टा.

ट्रकमध्ये बसून बाय किती वेळा माहेरी आली असेल. तेव्हा काही झालं नाही, आणि या गाडीत व्हावं? टायर पाहिले नीट. रिमच रिम दिसते, रबर वीतभरसुद्धा नाही. दोष तिथेच आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

योगेशचा फोन. मुलगा शांत आहे, औषधांच्या कारखान्यात साहेब आहे, कधी आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही. म्हणाला, ‘मामा, आता ती गाडी घेवन हांगा येव नकात.’

बरोबरच आहे त्याचं. ही गाडी आहे तशी घेऊन जाण्यात अर्थ नाही. चाकं बदलली की गोष्ट वेगळी.

संध्याकाळी बायचा फोन. ‘दत्ता, कधी येतलंस?’ म्हटलं, चाकां बदलतंय, मगे येतंय. तिने जेवलास का म्हणून विचारलं.

सकाळी पोदेर, आमचा पाववाला, नेहमीप्रमाणे चार उंडे ठेवून गेला. माझी बायको जानकी असतानाची सवय त्याची. ती जाऊन दोन वर्षं झाली. त्याला सांगायला हवं की दोन पुरतात. सांगितलं की तो कारण विचारणार नाही, पण त्याच्या तोंडावर दिसेल. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी शिळे खाल्लेले परवडतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

टायरवरचे आकडे शिकलो. माझ्या टायरवर २५५, ६० आणि २० लिहिलं आहे. २५५ मिलिमीटर रुंदी. त्या रुंदीच्या साठ टक्के उंची, म्हणजे रबराची भिंत १५३. वीस म्हणजे आतली रिम, इंचात. आयुष्यभर टायर विकत घेतले, हे कधी वाचलं नाही. ते काम धाकूचं होतं.

धाकू माझ्या पहिल्या ट्रकवर क्लीनर म्हणून आला आणि बावीस वर्षं राहिला. ड्रायव्हर झाला, तिन्ही ट्रकांचा कारभारी झाला. टायरला लोखंडी दांड्याने एक ठोसा दिला की आत किती हवा आहे हे आवाजावरून सांगायचा. खाण बंद झाली त्या आठवड्यात मी त्याला फोन करून सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. आता साखळीच्या रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान आहे.

आज तिकडूनच गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून थांबलो नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

शेजारचे प्रशांत आज गाडीत बसले. म्हापशाला बाजारात जायचं होतं, मीच म्हटलं चला. जाताना वाटेत त्यांना गाडीचं सगळं समजावून सांगितलं, कुठलं बटण कशाला. बाजार झाल्यावर म्हणतात, ‘दत्ताबाब, गाडी एकदम बरी आसा. पूण परतताना मी बस धरतंय, मामाकडे जावचां आसा.’

प्रशांतना मामा नाही. तो वारला तेव्हा मीच खांदा दिला होता. जळतात लोक, दुसरं काय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पणजीला गेलो. मोठं दुकान, भिंतीवर रिमा देवघरातल्या तसबिरींसारख्या टांगलेल्या. मुलगा गोड बोलणारा. ‘सर, तुमच्या गाडीला बावीसच शोभतं. वीस म्हणजे कंपनीने गरिबी केली आहे.’ काळी कुळकुळीत बावीस इंची रिम काढून गाडीला टेकवून दाखवली. दिसते खरी. चार पावलं मागे जाऊन पाहिलं तर गाडी एकदम सिनेमातली वाटायला लागली.

विचारलं, ‘आदळणार नाही ना?’ म्हणाला, ‘सर, फील बदलतो.’

घरी येऊन गणित मांडलं. बाहेरचं चाक तेवढंच ठेवून रिम मोठी केली तर रबर कमी होतं. म्हणजे अजून आदळणार. हा पोरगा बायला सरळ इस्पितळातच पोचवील. बावीस रद्द.

१४ नोव्हेंबर

बायचा फोन. आज उठून जनेलापर्यंत, खिडकीपर्यंत, चालली म्हणे. योगेशच्या बायकोने, दिपालीने, शेवयांची खीर केली होती, तुझी आठवण झाली म्हणाली. ‘यो ना रे. बस धरून यो.’

बसने? एवढी गाडी दारात असताना बसने गेलो तर वाळपईच्या बाजारात लोक काय म्हणतील? आणि योगेश विचारील, गाडी कुठे? काय सांगू त्याला.

१६ नोव्हेंबर, रविवार

मोरजीला अमोल म्हणून एक जण आहे, जुन्या जिपा ठेवतो, पर्यटकांना रानात फिरवून आणतो. जंगली टायरांमधला जाणकार असं ऐकलं होतं म्हणून गेलो. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, कासवं अंडी घालतात. म्हणून त्याने मागच्या बाजूच्या वाळूच्या शेतात आपली जीप चालवून दाखवली.

माणूस कामाचा आहे. दोन गोष्टी सांगितल्या. एक, दिखाव्यासाठी रिम मोठी करतात, सुखासाठी टायर. रिम तीच ठेवायची आणि टायरची भिंत वाढवायची. दोन, फार वाढवली तर स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या मडगार्डला घासतो, काटा खरा वेग दाखवत नाही, आणि विमावाले उद्या काही झालं तर हात वर करतात. त्याच्या मते वीसच्या रिमवर २७५, ६० बसेल. भिंत १६५ होते. पाऊण बोट उंची वाढली. ‘काका, बारा मिलिमीटरात कितें जातलां?’ असंही तोच म्हणाला. गिऱ्हाईक घालवायची विद्या याच्याकडे जबरदस्त आहे.

त्याची एक गोष्ट मात्र पटली नाही. वाळूत शिरण्याआधी उतरला आणि फुसफुस करून चारही टायरांतली हवा काढली. म्हणे अठरा पौंडांवर आणायची, मग टायर पसरतो आणि गाडी होडीसारखी जाते. अठरा! आमच्या ट्रकात शंभराच्या खाली आलं की मी धाकूच्या नावाने बोंब मारायचो. हवा कमी ठेवली की टायर तापतो आणि फुटतो, हे खाणीवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. निघताना अमोलने विचारलं, ‘तुमच्या गाडयेत कितली घालतात?’ म्हटलं, बरोबर घालतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या आत कंपनीने हवेच्या आकड्यांची चिठ्ठी चिकटवली आहे. छत्तीस, चाळीस असं काहीतरी. विलायतेतल्या गुळगुळीत रस्त्यांसाठी ठीक आहे. त्यांनी आमचे रस्ते बघितलेत कुठे?

२३ नोव्हेंबर, रविवार

अंगणात खडूने दोन चाकं काढली, एकात एक. आताचं ८१४ मिलिमीटर, नवं ८३८. मध्ये फरक एवढासा. त्यासाठी गेले पंधरा दिवस मी म्हापसा, पणजी, फोंडा करतो आहे. उभा राहून बघत होतो तेव्हा वाटलं, जानकी असती तर विचारलं असतं, ‘हें कितें खेळताय?’ कोणी विचारलं नाही. पाणी ओतून पुसून टाकलं.

मग तेच टायर मागवायचं ठरवलं. बारा तर बारा मिलिमीटर. बायच्या मणक्याला तेवढा तरी आधार.

३० नोव्हेंबर

टायर मागवले. पाच, मागच्या दारावरच्या जादाच्या चाकासकट. मुंबईहून यायला तीन आठवडे.

बायला फोन करून कळवलं. पौष पौर्णिमेला गावची जत्रा आहे, पेडण्याला, आमच्या देवीची. बायचं लग्न झाल्यापासून दर वर्षी मी तिला न्यायला जातो. भाऊ न्यायला आल्याशिवाय माहेरच्या जत्रेला जायचं नाही असा तिचा हट्ट आहे. तिचे यजमान होते तेव्हा ते म्हणायचे, मी नेतो, मी काय वाट चुकेन? तरी नाही. त्यांच्यासोबत कधी गेली नाही. म्हटलं, ‘बाय, जत्रेक नव्या चाकांर व्हरतंय तुका.’

‘जत्रा लांब आसा रे,’ ती म्हणाली. ‘तू आधी हांगा यो.’

तिला वाटतं मी टाळतो आहे. टाळत नाही. चाकं आली की सरळ दारात उभा राहणार.

१० डिसेंबर, बुधवार

काही लिहिण्यासारखं नाही. रविवारी हवा भरली. त्याआधी आठवडाभर गाडी बाहेर काढली नव्हती, तरी भरली.

आज साखळीला काम होतं. धाकूच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो बाहेर स्टुलावर बसला होता, केस पांढरे झाले आहेत. त्याने गाडीकडे पाहिलं, मी पुढे पाहिलं. काचा काळ्या आहेत, ओळखलं नसावं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

योगेशला हैदराबादला मोठी जागा मिळाली. सगळे जाणार, बायसुद्धा. दहा जानेवारीला मोप्याच्या विमानतळावरून विमान. वाळपईचं घर बंद करणार.

बायनेच सांगितलं फोनवर, आणि सांगताना एकदम वेगळ्याच गोष्टीवर गेली, की अंगणातल्या अबोलीला कोण पाणी घालणार. मी म्हटलं, मी घालीन. ‘तू?’ म्हणाली. एवढंच म्हणाली.

ती गेली की गोव्यात माझं म्हणावं असं कोणी उरत नाही. हे लिहिलं तेव्हाच लक्षात आलं. आजवर कधी मोजलं नव्हतं.

२४ डिसेंबर, बुधवार

टायर आले नाहीत. दुकानदार म्हणतो, सुट्ट्या आहेत, अडकलेत कुठेतरी. त्याला फोनवर नको ते बोललो.

२८ डिसेंबर, रविवार

सहा जानेवारीच्या आत नाही. जत्रा तीनला.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. बायची. तिने काही म्हटलं तर सोसेन, ती काही म्हणणार नाही याची भीती वाटते. खाटेवर पट्टा बांधून बसलेली ती ‘ये रे, बस’ म्हणणार आणि मी तिच्यासमोर रिकाम्या हाताने बसणार. काहीतरी घेऊन जायला हवं. पाच टायर घेऊन गेलो असतो तर निदान ‘बघ, यासाठी थांबलो होतो’ म्हणता आलं असतं.

१ जानेवारी, गुरुवार

दुपारी धाकूकडे गेलो. म्हटलं, त्याच्याकडे या मापाचे जुने टायर कोणाचे पडले असतील, दोन दिवसांसाठी घेऊ. गाडी थांबवली, उतरलो. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. वर पाहिलं.

‘शेट.’

‘धाकू.’

‘धा डिसेंबराक इलास होतास. थांबलास नाय.’

म्हणजे ओळखलं होतं. एका दमात सगळं सांगून टाकलं. बाय, मणका, रिमा, बारा मिलिमीटर, जत्रा. तो हात पुसत ऐकत होता. मग दुकानातून लोखंडी दांडा आणला आणि पुढच्या टायरला एक ठोसा दिला. ठण्ण. दुसऱ्याला दिला. ठण्ण.

‘कितली हवा आसा ही?’

‘पन्नास-पंचावन्न. दर आयतवारी भरतंय.’

धाकू माझ्याकडे बघत राहिला. दार उघडून ती कंपनीची चिठ्ठी वाचली, बोट ठेवून. ‘शेट, छत्तीस लिवलां हांगा. हो टायर न्हय, हो दगड जालो. ह्या गाडयेक चाकां कित्याक बदलतास? हवा काडा.’

‘अरे, आपण ट्रकात…’

‘ट्रकात धा टन माल आसतलो. हांगा तुमी एकटेच.’

तो खाली बसला आणि व्हॉल्व्ह दाबला. हवा सुटायला लागली. चारही चाकांची काढायला बराच वेळ लागला. मी उभा होतो. भाऊबीजेच्या सकाळी याच चाकांपाशी मी बसलो होतो, बाय बसणार म्हणून पाच पौंड जास्त घालत होतो. गाडीने काही केलं नाही. रस्त्याने केलं नाही. बायचा मणका मी मोडला, प्रेमाने, दोन्ही हातांनी.

धाकू शेजारी बसला आणि आम्ही साखळीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. वाटेत चार स्पीडब्रेकर आहेत. गाडी त्यांवरून वर आली, खाली गेली, बस एवढंच. मला रडू आलं. धाकू जनेलातून बाहेर बघत राहिला, तेवढी समज त्याला पहिल्यापासून आहे.

दुकानापाशी त्याला सोडताना म्हटलं, ‘धाकू, त्यावेळी मी फोन करूक नाका होतो. स्वतः येवक जाय होता.’

‘व्हय शेट,’ तो म्हणाला. ‘येवक जाय होता.’ मग दार हळू लावलं आणि म्हणाला, ‘उद्यां सकाळी बायक सांगा. फोनार नाका.’

२ जानेवारी, शुक्रवार

वाळपईला गेलो. दुकानदाराला आधी फोन करून टायर आले की परत पाठवायला सांगितलं.

घरात खोकी बांधलेली. योगेश कामावर होता, दिपालीने चहा ठेवला आणि मुद्दाम आत रेंगाळली. बाय जनेलापाशी खुर्चीत, पट्टा बांधून. बारीक झाली आहे. मी उभ्या उभ्याच सांगितलं. हवा किती हवी, मी किती घातली, त्या दिवशी जास्त का घातली. सांगताना माझा आवाज लहानपणी तिच्या दौतीतली शाई सांडून सांगायला गेलो होतो तसा येत होता.

ती म्हणाली, ‘योगेशाक सांगू नको. ता तुज्या-माज्यात ऱ्हवांदी.’

‘बाय…’

‘हवेचां ऱ्हवांदी रे. भाऊबीजेपासून आज इलंस तू. चाकां येतली, चाकां येतली. तुजी चाकां काय माज्या खाटीर बसान गजाली मारतली होती?’

अडीच महिने ती या जनेलापाशी बसून रस्ता बघत होती, आणि मी अंगणात खडूने चाकं काढत होतो. तिच्याजवळ बसलो. दोन तास बसलो. जेवलो. जुन्या गोष्टी निघाल्या, आई निघाली, जानकी निघाली. गेल्या दोन वर्षांत जानकीबद्दल मी कोणाशी बोललो नव्हतो.

निघताना म्हटलं, ‘उद्यां सकाळी न्यायला येतंय. आता मऊ चलता गाडी. धाकूक विचार. पंधराच्या वेगान व्हरतंय.’

तिने जनेलातून गाडीकडे पाहिलं. पाहिलं, आणि तिचा हात आपोआप कमरेच्या पट्ट्यावर गेला.

‘नाका रे दत्ता. माका भय वाटता.’

‘गाडयेचां?’

‘माज्या हाडांचां. विमानान जावचां तेचांच भय सोसना नाय. पाय बाहेर घातलो काय ताच आठवता.’ मग माझ्या तोंडाकडे बघून घाईघाईने म्हणाली, ‘तुजेर राग नाय. तू माजी ओटी घेवन जा.’

दिपालीने ओटी भरून दिली. वेताच्या टोपलीत तांदूळ, खण, हळद-कुंकू, पाच नारळ, वर अंगणातल्या अबोलीची फाती, ओवलेली वेणी. बायने स्वतः प्रत्येक नारळाला हात लावला. जन्मात पहिल्यांदा ती माहेरच्या जत्रेला जाणार नाही. भाऊ न्यायला आला होता तरी.

३ जानेवारी, शनिवार. पौष पौर्णिमा

टोपली मागे ठेवली तर नारळ गडगडतील म्हणून शेजारच्या सीटवर ठेवली. गाडी सुरू केली आणि घंटी वाजायला लागली. गाडीला वाटलं माणूस बसलं आहे, पट्टा लावा म्हणते. घंटी थांबेना, म्हणून टोपलीला पट्टा लावला.

अस्नोड्यावरून निघालो, धारगळला मोठ्या रस्त्याला लागलो. शनिवार, पर्यटकांची गर्दी, सगळे हॉर्न मारत पुढे जात होते. मी चाळीसच्या वर गेलो नाही. विमानतळाच्या फाट्यानंतर गावचा रस्ता लागतो, तिथे दर शंभर पावलांवर स्पीडब्रेकर, आणि मध्ये पाइप टाकायला खणून ठेवलेलं. प्रत्येक ठिकाणी माझं लक्ष टोपलीकडे. वरचा एक नारळ नुसता टेकवून ठेवलेला होता, बोट लावलं तरी पडेल असा. देवळापर्यंत तो तसाच राहिला. फातीतलं एक फूलसुद्धा निसटलं नाही.

देवळात ढोल चालू होते. बाहेर खाज्याची दुकानं, फुगे, भजी. भटजींनी टोपली घेताना विचारलं, ‘लक्ष्मीबाय खंय?’ म्हटलं, येवक जमलां नाय. त्यांनी तिच्या नावाने गाऱ्हाणं घातलं. माहेरवाशीण परमुलखात जाता, तिका सांभाळ, तिच्या हाडांक बळ दी, तिची वाट सुखाची कर. दर वाक्याला पाठीमागून ‘व्हय महाराजा’ म्हणायला दर वर्षी आमची पाच-सहा माणसं असत. आज माझा एकट्याचा आवाज होता. ढोलात तो मलाच नीट ऐकू येत नव्हता, म्हणून शेवटी शेवटी ओरडून म्हटलं.

बाहेर येऊन पायरीवर बसलो तोच बायचा फोन. जनेलापाशीच बसली असणार.

‘पावलंस?’

‘पावलंय. ओटी दिली.’

‘गर्दी आसा?’

‘आसा.’

पलीकडे ती ढोल ऐकत असेल. मी फोन देवळाकडे धरला. परत कानाला लावला तेव्हा तिने हळूच विचारलं, ‘दत्ता, रस्तो कसो होतो रे? गाडी बरी चल्ली? सकाळपासून माका दिसता, जावक होयां होतां काय मी.’

‘खंयचां गे,’ मी म्हटलं. ‘मोप्याच्या फुडे सगळो खणून घातलो हा. तीन-चार कडेन अशी आपटली काय माजीच कंबर गेली. तू येवक नाय तांच बरां जालां.’

‘व्हय?’

‘व्हय तर. नारळ सगळे सीटीखाली गडगडत गेले.’

‘बघ, सांगलां मां तुका मी,’ बाय म्हणाली, आणि किती दिवसांनी तिचा आवाज मोकळा लागला. मग मी खाजं घेतलं का, ते तिने विचारलं.